स्टेल्व्हिओ की ग्रोसग्लोकनर?

जुनी रोल्स-रॉइस आल्प्समध्ये पारखायची, पण कोणत्या घाटात? मित्र अडलाय.

इटलीचा स्टेल्व्हिओ 2,757 मीटर उंच. प्राद गावाकडून चढताना 48 हेअरपिन वळणं, त्यात रस्ता अरुंद. लांब बोनेटची, पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी वळवताना घाम फुटतो. एखाद्या वळणावर रिव्हर्सही घ्यावा लागेल.

ऑस्ट्रियाचा ग्रोसग्लोकनर रस्ता 1935 साली खुला झाला, मोटारींसाठीच आखलेला. वळणं 36, ऐसपैस. टोल मात्र आहे. चढ 12 टक्क्यांपर्यंत, आणि संपता संपत नाही. रेडिएटरचं पितळ तिथे उघडं पडतं.

उतरताना दोन्हीकडे खालचा गिअर, नाहीतर ड्रम ब्रेक तापलेच. हिवाळ्यात दोन्ही बंद.

इंजिन नुकतंच बांधलं असेल तर ग्रोसग्लोकनर. स्टिअरिंग, क्लच आणि स्वतःचे दंड तपासायचे असतील तर स्टेल्व्हिओ, तोही भल्या पहाटे.