साडेसहाशेचा ओबीडी स्कॅनर, आठ महिन्यांनी: कोड उडवण्याआधी फ्रीज फ्रेम बघा

चेक इंजिनचा दिवा लागला आणि कुणी म्हणालं, "थांबा, कोड उडवून देतो", तर आधी त्याचा हात धरा. माझे ७,१४० रुपये या एका वाक्यापायी गेलेत. कोड म्हणजे गाडीच्या संगणकाने (ईसीयू) नोंदवलेला बिघाडाचा नंबर, आणि तो उडवणं म्हणजे ती नोंद पुसून टाकणं.

गाडी २०१६ ची, पेट्रोल, ८६ हजार किलोमीटर झालेली. घर कऱ्हाडला, आई-बाबा चिपळूणला, त्यामुळे महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट ठरलेला. गेल्या जूनमध्ये पोफळी सोडून चढाला लागलो आणि दिवा पेटला. गाडी हिसके देत होती. हेळवाकला सपाटीला आल्यावर एकदम ठीक. तीन-चार दिवसांनी दिवा आपोआप विझला. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. कऱ्हाडात रोज फिरते, तेव्हा काही नाही. उतरतानाही नाही.

सर्व्हिस सेंटरला तीन चकरा झाल्या. दर वेळी स्कॅनिंगचे पैसे वेगळे, दर वेळी कोड उडवला, गावात दोन किलोमीटर ट्रायल घेतली आणि "आता येणार नाही" म्हणून चावी हातात दिली. पहिल्यांदा प्लग बदलले, दुसऱ्यांदा इंजेक्टर साफ केले, तिसऱ्यांदा ऑक्सिजन सेन्सर बदलायचा म्हणाले. तिथं मी नको म्हणालो. तिन्ही बिलांवर कोडचा नंबरसुद्धा लिहिलेला नव्हता.

मग ऑगस्टमध्ये हा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावून कोड फोनवर वाचायचा ब्लूटूथचा डोंगल, मागवला. काडेपेटीएवढा, निळा, ईएलएम३२७ या स्कॅनर-चिपची नक्कल. पहिल्या महिन्यात मी याला दोनच तारे दिले होते. फोनशी जोडणी मध्येच तुटायची, आणि जोडला की एकच ओळ: पी०३०२. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. पण का? प्लग, प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारी कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, काहीही असू शकतं. कोड फक्त कुठे दुखतंय ते सांगतो.

मत बदललं ते गणपतीहून परतताना. घाटात दिवा लागला, हेळवाकला टपरीसमोर गाडी लावली आणि ॲपच्या मेन्यूत खाली असलेलं 'फ्रीज फ्रेम' पहिल्यांदा उघडलं. कोड नोंदवला त्या क्षणी इंजिन काय करत होतं, ते ईसीयू जपून ठेवतो. माझ्या फोनवर आलं: वेग ३४, आरपीएम २,६५०, लोड ८९ टक्के, कूलंट ९६ अंश. म्हणजे इंजिन तापलेलं आणि चढावर पूर्ण जोर लावत होतं. गावातल्या ट्रायलमध्ये ही वेळ येणारच नव्हती! आणि हीच नोंद कोड उडवला की त्याच्याबरोबर पुसली जाते. तीन वेळा पुरावा हातात होता, तीन वेळा तो पुसून मला परत दिला. याचा राग मला अजून आहे.

ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांना फोनवरचे आकडे दाखवले. ते म्हणाले, "प्लग नवीन आहेत ना? मग कॉइल बघू." लोड वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं, आणि कमजोर कॉइल नेमकी तिथं हार मानते. त्यांनी दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवली. दहा मिनिटांचं काम, पैसे शून्य. पुढच्या चढाला दिवा लागला आणि कोड आला पी०३०३. बिघाड कॉइलबरोबर सरकला.

ती कॉइल काढून काकांनी तिचं रबरी बूट (प्लगवर बसणारी टोपी) उन्हात धरलं. आतून वरपासून खालपर्यंत केसाएवढी करडी रेघ. ठिणगी प्लगच्या टोकाशी न जाता या रेघेवरून बाजूच्या धातूत उतरत होती. नवी कॉइल २,३५०, मजुरी दीडशे. दसऱ्याच्या आत काम झालं, त्यानंतर अकरा वेळा घाट चढलो, दिवा नाही.

आता तक्रारी. हा डोंगल तसाच लावून ठेवू नका. त्या सॉकेटच्या सोळाव्या पिनला बॅटरीचा करंट कायम असतो, चावी काढली तरी. डिसेंबरात पंधरा दिवस गाडी उभी होती, बॅटरी झोपली. एबीएस, एअरबॅगचे कोड माझ्या गाडीत हा वाचत नाही. आयफोनवाल्यांनी जुन्या ब्लूटूथचा घेऊ नये, जोडला जात नाही. बीएलई (नवं, कमी वीज खाणारं ब्लूटूथ) किंवा वायफायचा बघा.

आणि दिवा स्थिर असेल तर जपून घरी न्या, लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडून बाजूला थांबा. न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो गेला की कॉइलच्या कितीतरी पट खर्च येतो.

दोनाचे चार तारे करतोय. पाचवा देत नाही, कारण सोबत सुचवलेल्या ॲपमध्ये 'कोड पुसा' हे लाल बटण पहिल्याच पानावर आहे आणि फ्रीज फ्रेम तीन पानं आत. घेतलात तर पहिल्या दिवशी ते पान शोधून ठेवा, आणि दिवा लागला की त्याचा स्क्रीनशॉट घेतल्याशिवाय गाडी कुणाच्या ताब्यात देऊ नका.