खानापूर-भीमगड की दांडेली-अणशी?

कोल्हापूर-सांगलीकडचे पाहुणे बेळगावात उतरले की चहाबरोबर विचारतातच, जंगल बघायचं तर खानापूरला जावं की दांडेलीला? आधी घरात लहान मुलं किती आहेत ते सांगा. दहा-बारा वर्षांची पोरं असतील आणि त्यांना जीप, होडी, लाइफ जॅकेट असलं काहीतरी हवं असेल, तर सरळ दांडेली गाठा. तिथे जंगल दाखवायची व्यवस्था आहे. खानापूरला ती फारशी नाही, आणि मला ते गाव आवडतं त्याचं निम्मं कारण तेच आहे.

अंतराचं आधी उरकू. बेळगावहून खानापूर २६ किलोमीटर, गोव्याच्या रस्त्यावर. मिरज-लोंढा लोहमार्गावर स्टेशनही आहे, मात्र सगळ्या एक्सप्रेस थांबत नाहीत, तेवढं बघून घ्या. दांडेली बेळगावपासून नव्वदेक किलोमीटर पडते आणि गाव गाठल्यावरही अणशी पुढेच राहते, जोयड्याच्याही पलीकडे कारवारच्या वाटेवर. म्हणजे दांडेलीला मुक्काम करून ‘अणशी केली’ म्हणणारे बहुतेक जण अणशीला पोचलेलेच नसतात. ते फिरतात दांडेली अभयारण्यात. दोन्ही जंगलं २००७ साली व्याघ्र प्रकल्पात एकत्र आली आणि २०१५ पासून त्याला काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात, त्यामुळे हा गोंधळ होतो. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मात्र अणशीलाच, १९८७ पासून.

आता गावं. दांडेली हे कागद गिरणीभोवती वाढलेलं गाव. कानडी, कोकणी, मराठी, उर्दू, हिंदी सगळं कानावर पडतं, रिसॉर्टवाले तर तुमच्या गाडीची नंबर प्लेट बघून भाषा बदलतात. सोयी चांगल्या, पण शनिवार-रविवारी बंगळूर-हुबळीची गर्दी आणि रात्री कुठूनतरी डीजे. जंगलात येऊन डीजे ऐकायचा असेल तर आमच्याकडे लग्नसराईत या, खर्च वाचेल.

खानापूर मलप्रभेच्या काठचं साधं तालुक्याचं गाव. कौलं, विटा, मातीची भांडी हा इथला जुना धंदा. हॉटेलात मराठीत बोला, एसटी स्टँडवर मराठीत विचारा, कुणी वळून बघणार नाही. बोलीत कानडी हेल मिसळलेला आहे, पुण्याचे पाहुणे त्याला तासाभरात सरावतात. राहण्याची सोय बेताची. गावात साधे लॉज, जांबोटी-चोर्ला रस्त्याला काही रिसॉर्ट आणि हेम्माडग्याला वनखात्याचा कॅम्प. त्याचं आरक्षण आधी करावं लागतं, दारात जाऊन उभं राहून भागत नाही.

जंगलाच्या बाबतीत मात्र खानापूर तालुक्यातल्या भीमगडला कमी लेखू नका. २०११ साली अभयारण्य झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. काळी प्रकल्पाच्या मानाने लहानच. आत शिवकाळाशी नातं सांगणारा भीमगड किल्ला आहे, आणि बारापेडेच्या गुहा. या गुहांत राउटनचं वटवाघूळ राहतं. जगात ते फक्त इथेच आहे अशी बराच काळ समजूत होती, नंतर मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. परवानगीशिवाय तिकडे जाता येत नाही आणि ते बरंच आहे. गवाळी, कोंगळा, पास्टोली, देगाव, आमगाव ही मराठी बोलणारी गावं या जंगलाच्या पोटात वसलेली आहेत. पावसाळ्यात नाले भरले की त्यांचा खानापूरशी संबंध तुटतो. हालात्री नाल्याच्या पुलावर पाणी चढलं की हेम्माडग्याचा रस्ता बंद, मग तुमचं आरक्षण असो वा नसो.

याच डोंगररांगेत दोन नद्या उगम पावतात. म्हादई देगावच्या बाजूने निघून गोव्याला जाते आणि तिथे मांडवी होते. मलप्रभा कणकुंबीच्या माउली मंदिराशी उगम पावून पूर्वेकडे कूडलसंगमला कृष्णेला मिळते. कर्नाटक आणि गोवा वर्षानुवर्षं म्हादईच्या ज्या पाण्यासाठी भांडताहेत, ते कणकुंबीत रस्त्याकडेला खळाळताना दिसतं.

प्राणी दिसतील का? दांडेलीत शक्यता जास्त, पण वाघ किंवा काळा बिबट्या बघायच्या हट्टाने गेलात तर बहुधा हिरमोड होईल. हा गच्च पानांचा प्रदेश आहे, ताडोब्यासारखा मोकळा नाही. गवे, चितळ, सांबर, शेकरू दिसतात. खरी चैन पक्ष्यांची. दांडेलीत आणि गणेशगुडीला धनेश इतके सहज दिसतात की पक्षी बघणारे लांबून तेवढ्यासाठीच येतात. कॅमेरा घेऊन निघालात तर माझं मत दांडेलीला, त्यात वादच नाही. काळी नदीतलं राफ्टिंग सुपा धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडतात त्यावर चालतं, पावसाळ्यात बंद असतं. पैसे भरण्याआधी किती किलोमीटरचा पल्ला आहे ते नीट विचारा. कवळा गुहा, शिंथेरीचे खडक, उळवीचं चन्नबसवण्णांचं देवस्थान हे सगळं बघायला आणखी एक दिवस हवाच.

घरात सत्तरीचे आई-वडील असतील तर पुन्हा खानापूर. त्यांना हलशीला न्या. प्राचीन पलाशिका ती हीच, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. तिथल्या बाराव्या शतकातल्या भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात नरसिंह आणि दुसऱ्यात वराह. मधे उभं राहिलं की पाठ कुणाकडे करावी हा प्रश्न पडतो. जवळच नंदगड, कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या बाजूने लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये इंग्रजांनी फाशी दिलं ते गाव. समाधीवर कायम कुणी ना कुणी डोकं टेकवत असतं. असोग्याचा रामलिंगेश्वर खानापूरला लागूनच, नदीकाठी, आणि त्यातलं काहीच चढावाचं नाही.

ऋतू दोन्हीकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला. जुलैत धबधब्यांसाठी यायचं तर चिखले आणि जांबोटीचा परिसर सुरेख असतो, मात्र वनखातं अनेकदा प्रवेशबंदी घालतं. चोरवाटेने जाऊ नका, पाय घसरून माणसं गेलेली आहेत. जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी ठेवा.

दोन दिवसांत दोन्ही उरकायचा बेत मला पटत नाही. तीन असतील तर पहिला दिवस हलशी-असोगा, रात्री खानापूर. दुसऱ्या दिवशी लोंढ्यावरून रामनगर आणि तिथून गणेशगुडी. सुपा धरणात बुडालेल्या जुन्या सुप्याची माणसं याच रामनगरात वसवली. तिथे चहाला थांबा, पुढे जंगलात टपऱ्या विरळ होत जातात आणि मोबाइलची रेंजही जाते.