विल्यम्स की मॅक्लारेन: जुना इतिहास कुठल्या टीमचा धरावा?

फॉर्म्युला वन बघायला लागून एखाददोन सीझन झाले की बऱ्याच जणांना वाटतं आता एखाद्या टीमचा मागचा इतिहास नीट वाचावा, जुन्या रेस बघाव्यात, आणि मग प्रश्न येतो की टीम कुठली धरायची. फेरारी मी इथे बाजूला ठेवतो, १९५० पासून प्रत्येक सीझनला असलेली ती एकमेव टीम आहे आणि तिच्याबद्दल न शोधताही भरपूर कानावर पडतं. मर्सिडीजचं मागे मागे जा, २००९ ला ब्रॉन, त्याआधी होंडा, त्याआधी बार (BAR) आणि मुळाशी टिरेल. अ‍ॅस्टन मार्टिन तर मुळात जॉर्डन, मधे मिडलंड, स्पायकर, फोर्स इंडिया, रेसिंग पॉइंट. कुठला विजय कोणाच्या खात्यात धरायचा हेच कळेनासं होतं. नाव टिकवून असलेल्या आणि एका माणसाच्या जिद्दीतून उभ्या राहिलेल्या म्हणाल तर विल्यम्स आणि मॅक्लारेन. मी दोन्हींचा इतिहास मनापासून वाचलाय, त्यामुळे त्यावरूनच सांगतो.

आकड्यांनी फार काही ठरत नाही. विल्यम्सच्या ९ कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप (म्हणजे ड्रायव्हरची नाही, टीमची), मॅक्लारेनच्या २०२५ धरून १०. फरक असा की विल्यम्सचं सगळं यश १९८० ते १९९७ मधे दाटलेलं आहे, आणि मॅक्लारेनचं १९७४ पासून आत्तापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं, मधे लांबलचक दुष्काळ.

विल्यम्सचा तो काळ मात्र खरंच बघण्यासारखा आहे. फ्रँक विल्यम्स आणि पॅट्रिक हेड यांनी १९७७ ला टीम सुरू केली, १९७९ ला सिल्व्हरस्टोनला रेगाझोनीने पहिली रेस जिंकून दिली आणि लगेच १९८० ला अ‍ॅलन जोन्स चॅम्पियन. १९८६ च्या मार्चमधे फ्रँकचा कार अपघात झाला, माणूस कायमचा व्हीलचेअरवर गेला, आणि त्याच वर्षी टीमने कन्स्ट्रक्टर्स जिंकली, पुढच्या वर्षी परत जिंकली. ही गोष्ट मला अजूनही हलवते. आणि १९९२ ची ती एफडब्ल्यू१४बी, अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शनवाली (म्हणजे सस्पेन्शन कॉम्प्युटर सांभाळणारी), जिच्यात बसून मॅन्सेलने सीझनच्या पहिल्या पाचही रेस जिंकल्या. इंजिनिअरिंगची आवड असेल तर विल्यम्सवर तुमचा जीव बसणारच.

पण मला जे खटकलं आणि खटकतच राहिलं ते हे, की या टीमकडे चॅम्पियन टिकत नाहीत. १९८७ ला पिके चॅम्पियन झाला आणि चॅम्पियनच्या गाडीवरचा एक नंबर घेऊन लोटस टीमला गेला. १९९२ ला मॅन्सेल जिंकला, पुढच्या वर्षासाठी प्रोस्टला आणायचं ठरलं, मॅन्सेल अमेरिकेत इंडीकार या वेगळ्या सीरिजला निघून गेला. १९९३ ला प्रोस्ट जिंकला, १९९४ साठी सेन्ना येणार म्हटल्यावर तो थेट रिटायर झाला. तेव्हा चॅम्पियनच्या टीमला एक आणि दोन नंबर मिळायचे, पण चॅम्पियन स्वतः ग्रिडवरच नाही म्हटल्यावर एक नंबर देणार कोणाला, म्हणून १९९३ आणि १९९४ अशी सलग दोन वर्षं डेमन हिलच्या गाडीवर शून्य नंबर होता! गाडी जगात सगळ्यात भारी आणि तिच्यावर शून्य, त्या काळातल्या रेस बघताना तो शून्य मला दरवेळी टोचतो. मग याच हिलने सेन्नाच्या मृत्यूनंतर टीम सावरून धरली, १९९६ ला चॅम्पियन झाला, आणि सीझन संपायच्या आधीच त्याला कळवलेलं होतं की पुढच्या वर्षी तुझ्या जागी फ्रेंट्झन. १९९७ ला हिल अ‍ॅरोजसारख्या छोट्या टीमच्या गाडीत हंगेरीला जिंकत आलेला, शेवटी हायड्रॉलिक्स गेलं आणि शेवटच्या लॅपमधे त्याला मागे टाकलं कोणी तर विल्यम्सच्याच व्हिलनव्हने.

फ्रँक आणि हेड यांच्या दृष्टीने गाडी आणि टीम आधी, ड्रायव्हर नंतर, असं सगळेच सांगतात आणि ९ चॅम्पियनशिप बघता त्यांचं चुकलं असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण इतिहास वाचणारा माणूस कोणातरी ड्रायव्हरचा हात धरून पुढे जातो ना, आणि इथे हात धरला की तो सुटतो.

मॅक्लारेनमधे भांडणं कमी आहेत असं अजिबात नाही. एकाच टीममधल्या सेन्ना-प्रोस्टचं वैर सगळ्यांना माहितीये, प्रोस्टसुद्धा १९८९ ला चॅम्पियन होऊन फेरारीला गेलाच. २००७ चं हेरगिरीचं प्रकरण (फेरारीची गुप्त कागदपत्रं मॅक्लारेनच्या माणसाकडे सापडली) म्हणजे १० कोटी डॉलर दंड, कन्स्ट्रक्टर्सचे सगळे पॉइंट गेले आणि वर हॅमिल्टन-अलोन्सो दोघंही ड्रायव्हर्स चॅम्पियनशिप एकेका पॉइंटने हरले, ते वर्ष वाचणं त्रासदायकच आहे. २०१५ ते २०१७ ची होंडा इंजिनची वर्षं तर भरभर पुढे ढकलली तरी चालतील.

तरीही धागा तुटत नाही. टीमचा संस्थापक ब्रूस मॅक्लारेन १९७० ला गुडवूडला टेस्टिंग करताना गेला, टीम बंद पडायला हवी होती, ती चार वर्षांनी फिटिपाल्डीबरोबर चॅम्पियन झाली. १९८८ ला १६ पैकी १५ रेस जिंकल्या, आणि हुकलेली ती एक मोंझाची रेस म्हणजे सेन्ना ज्या गाडीशी धडकला ती विल्यम्स होती, दोन्ही इतिहास एकत्र वाचले की असं काय काय सापडतं. हॅकिनेनचा १९९५ ला अ‍ॅडलेडला अपघात झाला, डॉक्टरांनी ट्रॅकशेजारीच घशाला छेद देऊन त्याचा श्वास चालू ठेवला, टीमने त्याची जागा त्याच्यासाठी ठेवली आणि १९९८, १९९९ दोन्ही वर्षं तो चॅम्पियन. आणि १९९८ च्या कन्स्ट्रक्टर्सनंतर पुढची यायला थेट २०२४ उजाडलं, तीही आणणाऱ्यांत नॉरिस, जो २०१९ पासून याच टीममधे होता, वाईट दिवसांत थांबला आणि २०२५ ला स्वतः चॅम्पियन झाला. असं थांबणं विल्यम्सच्या सोनेरी काळात मला फारसं सापडलं नाही.

तुम्हाला माणसांपेक्षा गाड्या जास्त आवडत असतील, किंवा सुरुवात, शिखर, उतरण अशी सलग गोष्ट हवी असेल, तर विल्यम्स घ्या, १९९२ पासून सुरू करा आणि मग मागे १९७९ ला जा. २०१२ ची माल्डोनाडोची स्पेनची रेस शेवटी ठेवा, तो त्यांचा आत्तापर्यंतचा शेवटचा विजय. नाहीतर माझं ऐकाल तर मॅक्लारेन, आणि १९८८ पासून नको, सगळे तिथूनच करतात. अ‍ॅडलेड १९९५ पासून सुझुका १९९८ पर्यंत आधी बघा, बाकीचं आपोआप मागे-पुढे वाचत सुटाल.