अहवाल खरा, पेंड खोटी

पुसेगाव, खटाव, वडूज या पट्ट्यात ज्यांच्या दावणीला दोन-चार संकरित गाई आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. प्रयोगशाळेचा अहवाल दाखवून आमच्या गावात जनावरांचा भरडा विकला गेला. अहवाल बनावट नव्हता. आम्ही स्वतः नमुना काढून तपासून घेतला, तरी आकडा तोच आला. आणि तरीही त्या पोत्यांत जे होतं, त्याने आमच्या चुलत सासऱ्यांची पहिल्या वेताची गाय गेली.

आधी वेळ कशी होती ते सांगते, कारण असला माल अशाच वेळी खपतो. २०२३ चा ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला. मका गुडघ्याएवढा होऊन वाळला, कडब्याची पेंढी हाताला लागेना, गाई उसाच्या वाढ्यावर काढायच्या. ऊसही कमी येणार हे दिसताच केंद्र सरकारने त्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि इथेनॉलवाल्यांनी मका उचलायला सुरुवात केली. तोवर मका घेणारे मुख्यतः पोल्ट्रीवाले आणि पशुखाद्यवाले. आता त्यांच्या बरोबरीने आणखी एक मोठा गिऱ्हाईक उभा राहिला. एकाच कोरड्या पावसाळ्याने घरचा चाराही नेला आणि बाजारची पेंडही महाग केली. दुसरीकडे गाईच्या दुधाचा दर इतका पडलेला, की राज्य सरकारला २०२४ च्या जानेवारीत लिटरमागे ५ रुपये अनुदान मंजूर करावं लागलं.

अशा दिवसांत एक माणूस छोटा हत्ती टेम्पो घेऊन गावात आला. ‘मका-सरकी मिक्स भरडा’, पोतं ५० किलोचं, दर बाजारातल्या पेंडीपेक्षा बराच कमी. बोलायला अदबशीर. “ताई, माझ्यावर विश्वास ठेवूच नका,” तो म्हणाला, “तुम्ही सांगाल त्या पोत्यातून नमुना काढा, तुम्हाला पाहिजे त्या लॅबला पाठवा.” त्याच्याकडचा अहवाल २१ टक्के प्रोटीन दाखवत होता. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) आयएस २०५२ या मानकात पशुखाद्याला २०-२२ टक्के प्रोटीन लागतं, हे डेअरीच्या मेळाव्यात आम्ही ऐकलेलं. आम्ही चार घरांनी मिळून नमुना काढला, वेगवेगळ्या पोत्यांतून, अगदी तळातूनही. तो खासगी लॅबला दिला. उत्तर आलं, वीसच्या थोडं वर. मग घेतला माल.

हा आकडा येतो कसा, ते आम्हाला नंतर डॉक्टरांनी समजावलं. ते शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आहेत. नेहमीच्या तपासणीत प्रोटीन थेट मोजत नाहीत. नमुन्यातलं नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, कारण प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नत्र असतं. यंत्राला नत्र कळतं. ते सरकीतून आलं की खताच्या गोणीतून, हे त्या चाचणीला कळत नाही. आपल्या शेतातल्या युरियात ४६ टक्के नत्र. त्याला ६.२५ ने गुणा, २८७ येतात. म्हणजे १०० किलो भरड्यात ३ किलो युरिया मिसळला, की कागदावर साडेआठ टक्के प्रोटीन वाढलं! शेंगांची टरफलं, भाताचा कोंडा, थोडा मका असा जेमतेम १२ टक्क्यांचा माल घ्यायचा, त्यात एवढा युरिया टाकला की आकडा विसाच्या पुढे जातो. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण त्यावर सरकार अनुदान देतं. ३ किलोला १८ रुपये. अठरा रुपयांत क्विंटलभर कोंड्याची ‘सरकी’ होते. पिकासाठी दिलेल्या अनुदानातून गाईला विष घातलं जातं, याचा मला आजही संताप येतो.

चीनमध्ये २००८ साली लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीत मेलामाइन घातलं होतं, ते याच हिशेबाने. त्यात ६६ टक्के नत्र असतं. सहा बाळं गेली आणि जवळपास तीन लाख मुलं आजारी पडली. इतकं जगजाहीर होऊनही आपल्याकडे पशुखाद्य तपासायला दिलं की आपण एकच विचारतो, प्रोटीन किती?

युरिया गाईला वर्ज्यच आहे असं मात्र नाही, आणि याच अर्धवट माहितीचा फायदा हे लोक घेतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव थोड्या युरियापासून प्रोटीन बनवतात, पण त्यासाठी सोबत मका किंवा मळीसारखं ताकदीचं खाद्य हवं. वाळलेल्या काडावर १०० किलोला ४ किलो युरियाची प्रक्रिया करण्याची शिफारस तर जुनीच आहे. पण तो पाण्यात विरघळवून, काडावर शिंपडून, झाकून मुरवायचा असतो आणि जनावराला हळूहळू सवय लावायची असते. लहान वासरांना तो द्यायचाच नसतो. भरड्यात सुका मिसळून, न सांगता घातलेला युरिया ही वेगळीच गोष्ट. मका नाही, नुसता कोंडा, मग युरियापासून पोटात तयार झालेला अमोनिया सूक्ष्मजीवांना वापरता येत नाही, आणि तोच विष ठरतो.

सुरुवातीला दूध टिकलं. मग एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक, उतरायला लागला. डेअरीवर ८.५ ला पोचेना, दर कापला जाऊ लागला. माझ्या दोन गाई उलटायला लागल्या, भरवून गाभण राहीनात. उन्हाळ्याचा ताण असेल असं सगळेच म्हणत होते, आणि ते खोटंही नव्हतं.

जूनचा पहिला पाऊस झाला आणि हवा दमट झाली. युरिया ओलावा ओढतो आणि त्याचे गोळे होतात. सासऱ्यांच्या पोत्यात कोपऱ्याला असेच खडे झालेले होते. सकाळच्या धारेला घमेल्यात भरडा टाकला तेव्हा ते त्यात गेले. वर मळीचा वास, त्यामुळे कुणाला कळणार? अर्ध्या-पाऊण तासात गाय थरथरायला लागली, तोंडाला फेस, डावी कूस फुगलेली, श्वास जोरजोरात. डॉक्टर पोचेपर्यंत आडवी झाली होती. शेजारच्या गाईने कमी खाल्लं होतं. तिला डॉक्टरांनी नळीने व्हिनेगर आणि भरपूर थंड पाणी दिलं, ती वाचली. हे उपाय डॉक्टरांनीच करायचे असतात. आडव्या पडलेल्या जनावराला घाबरून बाटलीने काही पाजलं, तर ते फुफ्फुसात जातं.

सासऱ्यांना गाय लगेच पुरायची नव्हती, आणि त्यामुळेच पुढचं सगळं शक्य झालं. डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं. पोट उघडताच अमोनियाचा वास नाकात शिरला. पोटातला ऐवज बर्फात ठेवून पाठवला, कारण अमोनिया उडून जातो. भरड्याचा नमुना पुन्हा लॅबला दिला, पण या वेळी ‘युरिया वेगळा तपासा’ असं लेखी सांगून, शिवाय तंतू (म्हणजे चोथा) आणि वाळू. तेव्हा खरं बाहेर आलं. युरिया भरपूर, तंतू भरपूर, वाळूही.

घरीही अंदाज घेता येतो. दुधातला युरिया पाहण्यासाठी एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेने) सांगितलेली पद्धत आहे, तीच आम्ही भरड्यावर करून पाहिली. मूठभर भरडा पाण्यात भिजवून गाळायचा, त्या पाण्यात कच्च्या, न भाजलेल्या सोयाबीनचं पीठ घालून पाच-दहा मिनिटं ठेवायचं, मग लाल लिटमस कागद बुडवायचा. निळा झाला तर युरिया आहे. आधी पीठ न घालता एकदा कागद बुडवून बघा, म्हणजे फरक कळतो. किती आहे ते यातून समजत नाही. ते लॅबलाच सांगू दे. उरलेला भरडा ग्लासभर पाण्यात ढवळून ठेवला, तर टरफलं वर तरंगतात आणि वाळू तळाला बसते.

त्या माणसाचा फोन त्याच आठवड्यात बंद झाला. पोत्यावर मोठं नाव छापलेलं, पण उत्पादकाचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, आयएसआय खूण नाही. आमच्याकडे बिल होतं ते हाताने लिहिलेलं, पैसे मात्र फोनवरून दिलेले, म्हणून खात्याचा माग राहिला. पोलिसांत तक्रार दिली आहे. ग्राहक आयोगातही जाता येतं, हे अनेकांना माहीत नसतं. स्वतःच्या पोटासाठी दोन-चार गाई सांभाळणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक ठरतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. शवविच्छेदनाचा दाखला, दोन्ही लॅबचे अहवाल आणि पैसे दिल्याची नोंद एवढ्यावर साताऱ्याला अर्ज तयार होतो आहे.

दहिवडीकडच्या माझ्या मामेबहिणीने परवा फोटो पाठवला. पोत्यावरचं नाव बदललंय, पण भरडा तसाच काळपट, शिलाईला तोच हिरवा दोरा, आणि विकणारा पुन्हा लॅबचा कागद दाखवतो आहे. माण-खटाव बाजूला कुणाकडे अशी पोती असतील तर जनावराला घालणं थांबवा, पण ती फेकू नका. एक पोतं न उघडता, कोरड्या जागी, शिलाईसकट ठेवा आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. आमच्या अर्जाला तुमची पोतीही जोडता येतील.