स्टिकर कंपनीचं, आतली कॉइल भलतीच : मिडरेंज ड्रायव्हरच्या जोडीत झालेली फसवणूक

लातूरसारख्या ठिकाणी हाय-फाय ड्रायव्हर, म्हणजे स्पीकरच्या खोक्यात बसवायचा आवाज काढणारा सुटा भाग, हातात घेऊन, वाजवून बघून विकत घ्यायची सोय नाही. डीजेचे पंधरा-अठरा इंची स्पीकर आणि गाडीत बसवायचे सहा इंची हवे तेवढे मिळतात. पण घरी बनवायच्या थ्री-वे ॲक्टिव्ह स्पीकरसाठी (खालचे सूर वूफर, मधले मिडरेंज, वरचे ट्वीटर वाजवतो आणि प्रत्येकाला वेगळा ॲम्प्लिफायर) साडेचार-पाच इंची चांगला मिडरेंज पाहिजे म्हटलं, की फोनवरच बोलणी करायची आणि पैसे आधी पाठवायचे. आपल्या भागातल्या लोकांची ही अडचण हेरून काही विक्रेते धंदा करतात. माझे अठरा हजार रुपये त्यात अडकलेत. तुमचे अडकू नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मला मिडरेंज 350 ते 2,800 हर्ट्झ एवढ्या पट्ट्यात वाजवायचा होता. गाणाऱ्याचा गळा, हार्मोनियम, सारंगी यांचा बराचसा आवाज इथेच असतो. हा ड्रायव्हर चुकला तर वूफर-ट्वीटर कितीही भारी लावा, गाणं कानाला खरं वाटत नाही. म्हणून सगळ्यात जास्त अभ्यास याचाच केला. रेझोनन्स, म्हणजे ड्रायव्हर आपसूक जास्त हलतो ती फ्रिक्वेन्सी (कंपनीच्या डेटाशीटवरचा एफएस), क्रॉसओव्हरच्या, म्हणजे वूफरकडून मिडरेंजकडे आवाज जातो त्या 350 च्या सीमेच्या, बराच खाली हवा, शक्यतो शंभरच्या आत. कोनचा (पुढच्या शंकूसारख्या पडद्याचा) ब्रेकअप, म्हणजे तो एकसंध न हलता वेडावाकडा थरथरायला लागतो ती जागा, 2,800 च्या बराच वर हवा. आणि डावा-उजवा अगदी सारखे हवेत. ॲक्टिव्हमध्ये प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, त्यामुळे सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच विजेवर ड्रायव्हर किती मोठा वाजतो ते) दोन-तीन डीबी इकडेतिकडे झाली तरी लेव्हल डीएसपीत, म्हणजे आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या यंत्रात, जुळवता येते. बाकीच्या गोष्टी मात्र ड्रायव्हरमध्येच असाव्या लागतात. यात बसणारं युरोपातल्या एका नावाजलेल्या कंपनीचं मॉडेल मी ठरवलं. डेटाशीटवर 8 ओहम, एफएस 62 हर्ट्झ.

विक्रेता मोठ्या शहरातला. भाव बाजारापेक्षा थोडाच कमी, संशय यावा एवढा नाही. मी मॅग्नेटचे, सिरियल नंबरचे फोटो मागितले, त्यानं लगेच पाठवले. सीलबंद खोक्याचा व्हिडिओही आला. बिलाचं विचारलं तर म्हणाला, ‘‘पक्कं बिल मालासोबत येतंय सर, काळजी करू नका.’’ पैसे मात्र दुकानाच्या नावावर नाही, एका माणसाच्या यूपीआयवर घेतले. कारण सांगितलं की करंट अकाउंटला अडचण चालू आहे. बिल आजपर्यंत आलेलं नाही.

खोटेपणा पहिल्यांदा माझ्या सुतारानं पकडला. मी त्याला डेटाशीटचं ड्रॉइंग आधीच दिलं होतं. त्यानं एमडीएफच्या फळीला राउटरनं खाच पाडून, स्क्रूची भोकं मारून ठेवली होती. ड्रायव्हर ठेवून बघितला आणि म्हणाला, ‘‘सर, ह्याची भोकं जुळंनात की. तुमच्या कागदावर सहा हायेत, ह्याला चारच.’’ मी विक्रेत्यानं पाठवलेले फोटो उघडले. त्यातही सहाच. म्हणजे फोटो एका मालाचे, कुरिअरमध्ये दुसराच माल. दोन्हींवर स्टिकर तेच, सिरियल नंबरही तेच.

मग मल्टिमीटर लावला. 8 ओहमच्या ड्रायव्हरचा डीसी रेझिस्टन्स साधारण साडेपाच ते सातच्या दरम्यान येतो. इथे एकाचा 5.9 आला आणि दुसऱ्याचा 3.5. दुसऱ्यात कोन हलवणारी तारेची कॉइल चक्क 4 ओहमची! ॲक्टिव्हमध्ये ॲम्प्लिफायर आणि कॉइल यांच्यामध्ये काहीच नसतं, थेट जोडणी. त्याच व्होल्टेजला तो ड्रायव्हर दीडपटीहून जास्त करंट ओढणार आणि लेव्हल जुळवली तरी दोन्ही बाजू अगदी सारख्या होणार नाहीत.

एफएस घरी मोजता येतो आणि खर्च फारसा नाही. लॅपटॉप, लाइन-इन असलेलं साधं साउंड कार्ड, 100 ओहमचा एक रेझिस्टर आणि आरईडब्ल्यू हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. ड्रायव्हर खोक्यात न बसवता मोकळा धरून इम्पिडन्सचा, म्हणजे फ्रिक्वेन्सीनुसार बदलणाऱ्या ओहमचा, आलेख काढायचा. खालच्या बाजूला जिथे उंच टोक येतं तो एफएस. 62 च्या जागी माझ्या जोडीत एकाचा 138 आला, दुसऱ्याचा 171. नवा ड्रायव्हर आखडलेला असतो, त्याचा आकडा डेटाशीटपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त आला तर घाबरायचं कारण नाही. दुपटीच्या वर गेलेला आकडा मात्र दुसऱ्याच ड्रायव्हरचा असतो.

तरी खात्री करावी म्हणून गंजगोलाईजवळच्या एका मिस्त्रीकडे गेलो. गणपतीच्या आधी डीजेवाल्यांच्या कॉइल भरायला त्याच्याकडे रांग असते. त्यानं दोन्ही अंगठे कोनवर टेकवून अलगद दाबलं, कान जवळ नेला. कॉइल एका बाजूला घासत होती, खरखर मलाही ऐकू आली. व्हिडिओ चालू ठेवून एकाच ड्रायव्हरची डस्टकॅप, म्हणजे कोनच्या मधली टोपी, काढली. आत जुन्या गोंदाचा पिवळा पडलेला वळसा आणि त्यावर ताजा गोंद, अजून वास येत होता. मॅग्नेटवरचं स्टिकर नखानं उचललं तर खाली दुसरं स्टिकर खरवडल्याच्या खुणा. ‘‘सांगाडा जुना, कोन-कॉइल आत्ताची. असलं काम आम्ही बी करतो भाऊ, पर नवं म्हणून इकत नाही,’’ तो म्हणाला. पैसेही घेतले नाहीत.

विक्रेत्याला आलेख पाठवले तर उत्तर आलं, ‘‘ॲक्टिव्ह करताय ना सर? डीएसपीत ईक्यू मारा, सगळं सरळ होतंय.’’ हे बोलणं नव्या माणसाला पटतं, म्हणून त्याबद्दल नीट सांगतो. ईक्यूनं वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीची लेव्हल कमी-जास्त होते, ड्रायव्हरनं केलेली विकृती जात नाही. समजा कोनचा ब्रेकअप 4,500 हर्ट्झला आहे. तुम्ही 2,800 ला कापलं, वर डीएसपीत 4,500 ची लेव्हल दाबणारी खाचही मारली. पण 1,500 चा सूर वाजताना मोटरमध्ये (मॅग्नेट-कॉइलमध्ये) तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सीचा जास्तीचा सूर, तयार होतो, तो बरोबर 4,500 ला पडतो आणि तिथे कोन त्याला आणखी मोठा करतो. तो फिल्टरच्या पुढे, ड्रायव्हरच्या आत जन्मलेला असतो, फिल्टर त्याला हात लावू शकत नाही. गाणारा जोर लावतो तिथे आवाज चिरकतो, तो यामुळे. आणि घासणारी कॉइल कोणत्याही डीएसपीनं सुटत नाही.

नंतर त्यानं फोन उचलणं बंद केलं. मी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवलं, मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता कुठलाही असो, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी यूपीआयची पावती, चॅट, त्याचे फोटो, कुरिअरचं लेबल, दोन्ही आलेख आणि डस्टकॅप काढतानाचा व्हिडिओ जोडलाय. प्रकरण चालू आहे.

दरम्यान तेच मॉडेल अधिकृत वितरकाकडून जीएसटी बिलावर घेतलं. आलं त्याच दिवशी मोजलं: डीसी रेझिस्टन्स दोन्हींचा 5.8, एफएस 68 आणि 70, भोकं सहा. सुताराच्या फळीत नीट बसले.

नोटीस गेल्यावर त्या विक्रेत्याचा एका नव्या नंबरवरून निरोप आला की आधी माल परत पाठवा, मग पैसे देतो. तो माल हाच माझा पुरावा आहे, म्हणून मी पाठवलेला नाही. तुम्हालाही असा निरोप आला तर पैसे खात्यात जमा होईपर्यंत, किंवा आयोगासमोर लेखी ठरेपर्यंत, खोकं लेबलासकट घरातच ठेवा.