पायथनमध्ये नावं ठेवताना

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.१२ आवृत्तीत पक्के राखीव शब्द, म्हणजे भाषेने स्वतःसाठी ठेवलेले आणि तुम्हाला नाव म्हणून न वापरता येणारे शब्द, अवघे ३५. ते पाठ करायची गरज नाही. कीवर्ड मॉड्यूल इम्पोर्ट करून त्यातली केडब्ल्यूलिस्ट छापली की तुमच्या आवृत्तीची यादी समोर येते. आवृत्ती बघायचीच, कारण असिंक आणि अवेट ३.७ मध्ये राखीव झाले आणि ज्या लायब्ररींनी असिंक हे पॅरामीटरचं नाव ठेवलं होतं, त्या सिंटॅक्स एरर देऊन बंद पडल्या. ३.१० मधले मॅच आणि केस मात्र ‘सॉफ्ट’ आहेत: ठरावीक जागीच त्यांना अर्थ, एरवी खुशाल व्हेरिएबलला वापरा. जुना कोड न मोडणारी ही सोय फार मोलाची आहे.

नाराजी आहे ती बिल्ट-इन, म्हणजे पायथनसोबत तयार येणाऱ्या, नावांबद्दल. लिस्ट, सम, इनपुट राखीव नाहीत. लिस्ट या नावात एखादी यादी भरली तर पायथन चकार शब्द काढत नाही. पुढे कुठेतरी लिस्ट फंक्शन म्हणून वापरलं की ‘लिस्ट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल’. नोटबुकमध्ये (जिथे कोड सेल नावाच्या तुकड्यांत चालवतात) सेल सुधारूनही चूक जात नाही, कारण जुनं नाव मेमरीत असतं. डेल लिस्ट चालवा, नाहीतर कर्नल, म्हणजे मागे कोड चालवणारा प्रोग्राम, रीस्टार्ट करा.

आणखी एक खाच: शब्द नाव म्हणून चालेल का हे सांगणारी इझआयडेंटिफायर ही मेथड ‘क्लास’ या राखीव शब्दालाही ट्रू देते. सोबत कीवर्ड मॉड्यूलमधल्या इझकीवर्डनेही तपासा. राखीव शब्दच हवा असेल तर शेवटी एक अंडरस्कोर जोडा. सुरुवातीला दोन नकोत. क्लासच्या आत तसं नाव पायथन बदलून टाकतो.

पायथन ३ मध्ये नावं देवनागरीतही चालतात. किंमत, एकूण_खर्च, दर१ सगळं वैध; मात्रा, अनुस्वार, हलंत यांची अडचण नाही. नाव अंकाने सुरू करता येत नाही, आणि दर१ व इंग्रजी अंकाचं दर1 ही दोन वेगळी व्हेरिएबल्स. नुसता ५ लिहिला तर सिंटॅक्स एरर, पण अवतरणातला ५ इंट या फंक्शनला दिला तर बरोबर पाच मिळतात! ॲ एकाच अक्षराने टाइप केला आणि दुसरीकडे अ वर चंद्र देऊन, तर डोळ्यांना एकच दिसणारी नावं पायथनला वेगळी वाटतात आणि नेम एरर येते.

सगळ्यात चिवट त्रास ‘वाऱ्याचा_वेग’मधल्या अर्ध्या र चा. काही कीबोर्ड तो र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह (युनिकोड क्रमांक यू+२००डी) असा लिहितात. पायथनला ते चिन्ह नावात चालत नाही, ‘इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरॅक्टर’ म्हणून फाइलच नाकारतो, आणि स्क्रीनवर तर काहीच चुकलेलं दिसत नाही. एडिटरमध्ये यू+२००डी शोधा, तो आणि त्याआधीचा र् पुसा, आणि तिथे नुक्त्याचा ऱ, म्हणजे यू+०९३१, हलंतासह टाइप करा.