क्लेमवाल्याला कोरे चेक देऊ नका, आमचे ५,८०,००० रुपये असेच गेले

माझ्या ताईच्या खात्यातून ५,८०,००० रुपये काढले गेले. ते दाजींच्या मृत्यूच्या भरपाईचे होते. जो माणूस 'ताई, हा तुमच्या लेकरांचा हक्क आहे' म्हणत दारात आला, त्यानेच ते काढले. ज्यांच्या घरी नुकताच अपघात झालाय त्यांनी हे वाचा आणि क्लेम, म्हणजे अपघाताची भरपाई, मिळवून देतो म्हणणारा एजंट दारात आला तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

दाजी पिकअप चालवायचे, वय ३८. २०२३ मध्ये माल उतरवून परत येताना समोरून आलेल्या ट्रकने धडक दिली. ट्रकचा विमा चालू होता, ड्रायव्हरवर गुन्हा दाखल झाला होता, म्हणजे केसमध्ये गुंतागुंत काहीच नव्हती. दहावा व्हायच्या आत हा एजंट घरी आला. हातात एफआयआर आणि पंचनाम्याची झेरॉक्स. तीच झेरॉक्स मागायला मी पोलीस ठाण्यात गेलो की 'साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या' हे उत्तर ठरलेलं. मयताच्या घरच्यांना कागद मिळत नाही आणि दलालाच्या पिशवीत तो आधीच असतो, यातून काय समजायचं ते समजा.

बोली झाली दहा टक्क्यांची. शिवाय कोर्ट फी आणि कागदपत्रांसाठी म्हणून ३३,००० रोख घेतले, पावती नाही. वकील त्याचाच. वकीलपत्रावर सह्या झाल्या, बरोबर पाच-सहा कोऱ्या कागदांवरही. 'सहा महिन्यांत क्लेम टाकला नाही तर एक रुपया मिळत नाही' असा त्याने लकडा लावला. मुदतीची गोष्ट कायद्यात खरी आहे, म्हणूनच आम्हाला ती खोटी वाटली नाही. घरात नवरा गेलेली बाई, दोन लहान लेकरं, गुडघे गेलेली सासू. अशा घराने कायद्याची पुस्तकं उघडून बसायचं होतं का?

त्याने जे सांगितलं नाही ते आता मला पाठ झालंय. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत दावा न्यायाधिकरणाला, म्हणजे अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला, द्यायची असते, दहा दिवसांत कुटुंबाला त्यांच्या हक्कांचा छापील फॉर्म द्यायचा असतो आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल पाठवायचा असतो. तो अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. आम्हाला फॉर्म कुणी दिला नाही. तो मिळाला असता तर एजंटची गरजच नव्हती.

आता बँकेचं. हा प्रसंग आठवला की आजही अंगाची आग होते. 'क्लेमचे पैसे यायला कोर्टाजवळच्या शाखेतच खातं लागतं' म्हणून तो ताईला तालुक्याला घेऊन गेला, मी सोबत होतो. गावात तिचं जनधन खातं असताना नवीन खातं कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, 'दादा, जनधनला लिमिट असते, एवढी रक्कम अडकते.' फॉर्म त्यानेच भरला. मोबाईल नंबरच्या रकान्यात त्याने स्वतःचा नंबर लिहिला. मी ते पाहिलं. पाहिलं आणि विचारलंही. 'तुमच्या वस्तीला रेंज नाही, कोर्टाचा मेसेज चुकला तर तारीख जाईल, ताईला मी लगेच कळवीन.' वस्तीला रेंज नाही हे खरं होतं. काउंटरवरच्या बाईंनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. खातेदार बाई एक, नंबर परक्या पुरुषाचा, हे बँकेला खटकायला नको होतं का? चेकबुक आलं तेव्हा 'फीची हमी' म्हणून त्यातल्या तीन कोऱ्या चेकवर ताईच्या सह्या घेतल्या. एक एक गोष्ट सुटी बघितली तर प्रत्येकीला त्याच्याकडे उत्तर होतं. नंबर आणि चेक एकाच माणसाच्या हातात गेले की खातं त्याचंच झालं, हे डोळ्यांसमोर घडत होतं.

२०२५ मध्ये लोकअदालतीत तडजोड झाली, १४,५०,००० रुपयांवर. ताईला आदल्या संध्याकाळी एजंटचा फोन आला, 'उद्या सही आहे, साहेबांनी विचारलं तर हो म्हणायचं, ही पहिली रक्कम आहे, उरलेली हायकोर्टातून येते.' सपशेल खोटं. लोकअदालतीतली तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील नाही. फसवणूक झाली म्हणून हायकोर्टात रिट (थेट याचिका) करता येते, पण ती लढाई वेगळीच.

आणि रक्कम तरी योग्य होती का? सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत हिशेब बांधून दिलाय. दाजींची कमाई महिना १५,००० धरा, वर्षाला १,८०,०००. चाळिशीच्या आतल्या स्वतःचा धंदा करणाऱ्याला पुढच्या कमाईचे ४० टक्के वाढवून २,५२,०००. अवलंबून चार माणसं, म्हणून एक चतुर्थांश वजा, राहिले १,८९,०००. या वयाला १५ ने गुणायचं, झाले २८,३५,०००. अंत्यसंस्कार आणि सहवास गमावल्याचे पैसे याच्या वर. कोर्टात कमाईचा पुरावा कमी पडतो, रक्कम थोडी खाली येते, हे मान्य. पण निम्म्यावर? वकिलाने हा हिशेब ताईला कधी दाखवलाच नाही. तुमच्या वकिलाला तो कागदावर मांडायला सांगा, तडजोडीच्या सहीआधी.

१४,५०,००० मधले ६,००,००० मुलांच्या नावे ठेवीत गेले. २,००,००० सासूच्या गावातल्या जुन्या खात्यात बिनबोभाट जमा झाले, म्हणजे नवीन खात्याची थापही उघडी पडली. ताईचे ६,५०,००० त्या शाखेत आले आणि दुसऱ्याच दिवशी चेकने ५,८०,००० निघाले. १४,५०,००० चे बरोबर ४० टक्के. त्याच्या तोंडच्या बोलीने १,४५,००० व्हायचे, वरचे ४,३५,००० कशाचे? ताईला कळलं ते मुलांच्या फीसाठी पासबुक भरायला गेल्यावर.

मग सुरू झाली खरी विटंबना. बँक म्हणाली, सही जुळते, आमचा संबंध नाही. पोलीस ठाण्यात हवालदाराने पहिला प्रश्न विचारला, 'सही तुमचीच आहे ना? मग गुन्हा कसला?' साहेब म्हणाले, पैशाचा व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा. ताईला दुपारभर बाकावर बसवून ठेवलं आणि शेवटी तक्रारअर्जावर पोच द्यायलाही नकार दिला. वकिलाने तर एजंटला ओळखतच नाही म्हणून सांगितलं. वकीलपत्र त्याच एजंटने आणलेलं. कोर्टातल्या एका कारकुनाने ताईला ऐकवलं, 'तेव्हा हो म्हणालात, आता रडून काय?' विधवा बाईला हे बोलताना यांना काहीच वाटत नाही. सगळ्यांना माहीत असतं कोण एजंट, कोण त्याचा वकील, कोणत्या टेबलावर काय पोचतं. फक्त अर्ज घेऊन उभ्या असलेल्या बाईलाच नियम सांगितले जातात.

निकालावर टक्केवारी ठरवणं वकिलांना बार कौन्सिलच्या (वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेच्या) नियमांनीच बंद आहे, त्यामुळे टक्के बोलणारा वकील तिथेच सोडा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा. ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही, तरी मृत्यूला २,००,००० आणि गंभीर दुखापतीला ५०,००० ची सरकारी योजना आहे, अर्ज तहसीलमार्गे जातो, त्यासाठी कुणालाही टक्का द्यायचा नसतो. कोऱ्या कागदावर सही नाही, चेकवर तर नाहीच.

आता आम्ही पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवली आहे. ठाणेदार गुन्हा नोंदवत नसेल तर कायद्यात हीच पुढची पायरी आहे आणि तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करणार. वकिलाविरुद्धची तक्रार शपथपत्रासह राज्याच्या बार कौन्सिलकडे जाते, तीही तयार आहे. तुमच्या घरच्या कुणी असे चेक देऊन ठेवले असतील आणि रक्कम अजून यायची असेल, तर उद्या बँक उघडताच लेखी अर्ज देऊन ते चेक थांबवा, खात्यावरचा मोबाईल नंबर बदला आणि अर्जाच्या प्रतीवर बँकेचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.